करपा आणि औषध

चिंचणीच्या भातखाचरांना करपा नवा नाही. त्याच्या बुरशीवर जपानात 1960 च्या दशकात किटाझिन हे स्फुरदयुक्त औषध निघाले. पेशीच्या आवरणाला लागणारे फॉस्फॅटिडिलकोलीन ते बनू देत नाही. पण बुरशी स्वस्थ बसत नाही. औषधाच्या रेणूतील गंधकाजवळचा बंध तोडून ती ते निकामी करते. असंख्य बीजाणूंत एखादा जात्याच चिवट असतो. एकच औषध वारंवार फवारले, की बाकीचे मरतात आणि शेत त्याच्या वंशाला मोकळे मिळते. जपानात 1970 च्या दशकात हेच घडले. म्हणून औषध बदला. परंतु नुसते नाव बदलून भागत नाही. आयसोप्रोथिओलेन त्याच मर्मावर घाव घालते, ट्रायसायक्लाझोलचे मर्म निराळे. त्याआधी नत्र बेताने द्या, करपा सोसणारे वाण लावा. शेतकऱ्याचा पैसा बाटलीपेक्षा विचाराने अधिक वाचेल.