नफा आणि निभाव



वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे लहान कारखाने चालविणारी मंडळी या सभेत बरीच दिसतात. माल आज द्यावयाचा व पैसा दोन-तीन महिन्यांनी घ्यावयाचा, हा त्यांचा नित्यक्रम. म्हणजे प्रत्येक पुरवठादार हा नकळत सावकारही असतो. पण सावकार कुळाची पत पाहतो. आपण गिऱ्हाइकाचे नाव पाहतो, फार तर नफा पाहतो. नफ्याने देणे फिटत नाही. ते हाती आलेल्या पैशाने फिटते.

ही पत ताळेबंदात सापडते. वर्षभरात जिचा पैसा व्हावयाचा ती चालू मालमत्ता, वर्षभरात फेडावयाची ती चालू देणी. पहिलीस दुसऱ्याने भागले की चालू गुणोत्तर निघते. ते दोन असावे, असे पुस्तके सांगतात. टंडन समितीने १९७५ साली बँकांना सुचविलेल्या दुसऱ्या पद्धतीत ते किमान १.३३ येते.

आता एक काल्पनिक कारखाना घेऊ. गोदामात माल ३५ लाखांचा, येणे २० लाख, रोख ५ लाख. एकूण ६० लाख. देणी ४० लाख. गुणोत्तर दीड, ठीक दिसते. पण गोदामातील माल आज पगार भागवीत नाही. तो वगळला की २५ लाख उरतात. हे त्वरित गुणोत्तर ०.६२५ झाले, जुन्या हिशेबाने रुपयाच्या देण्यास दहा आणे.

समजा, मार्चअखेर या कारखान्याने सगळे येणे वसूल करून २० लाखांची देणी फेडली. मालमत्ता ४० लाख, देणी २० लाख. चालू गुणोत्तर पुस्तकातल्यासारखे दोन! परंतु रोख ५ लाखच, आणि रुपयास उरले चार आणे. एक आकडा सुधारला, त्याच क्षणी दुसरा ढासळला. कंपन्यांनी चालू गुणोत्तर जाहीर करावे, असा नियम २०२१ पासून आहे. त्या यादीत त्वरित गुणोत्तर नाही. ते आपणच काढले पाहिजे.

अर्थात धंद्याधंद्यात फरक असतो. किराणा दुकानाचा माल रोज रोखीने खपतो, त्याचे चार आण्यांतही निभावते. सुट्या भागांच्या कारखान्याचे निभावत नाही.

मोठ्या नावाचा भरवसा किती, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनवर २०१८ च्या जूनमध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. समूहातील तेरा कंपन्यांवरील मान्य दावे सुमारे ६५ हजार कोटींचे. २०२१ साली मंजूर झालेली योजना तीन हजार कोटींहूनही कमी रकमेची, आणि २०२२ च्या जानेवारीत अपिलात तीही रद्द झाली. अशा रांगेत तारण घेतलेल्या बँका पुढे असतात, पुरवठादार मागे.

लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असा कायदा २००६ पासून आहे. पण दाद मिळेपर्यंत कामगारांचा पगार थांबत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की मोठी मागणी स्वीकारण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे तीन वर्षांचे ताळेबंद मागवा. कंपनी असेल तर ते शुल्क भरून कंपनी निबंधकाकडेही पाहावयास मिळतात. माल वजा करा, भागाकार करा. आणि तोच भागाकार, आपणां सर्वांस विनंती, स्वतःच्या वहीतही करून पाहा.