चौथरा नसलेला पुतळा

महामार्गाच्या कडेचं अवाढव्य शिल्प ही खरं तर सगळ्यांत मोकळी कला. तिला ना दालन, ना दरवाजा. ती गाडीच्या काचेतूनही दिसते. मग व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला तिथं अडचण कसली? अडचण पायऱ्यांची. कॅनडातल्या ड्रमहेलर गावचा डायनोसॉर सुमारे २६ मीटर उंच आहे. पोटातल्या १०६ पायऱ्या चढायच्या आणि जबड्यात उभं राहून गाव न्याहाळायचं, ही तिथली खरी गंमत. ज्याला चढता येत नाही, त्याच्या वाट्याला नुसते पाय येतात. ऑस्ट्रेलियातल्या गोल्बर्नच्या मेंढ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. हमरस्ता गावाबाहेरून गेला, गाड्या थांबेनाशा झाल्या, तेव्हा २००७ साली हा १५ मीटर उंचीचा मेंढा उचलून नव्या रस्त्याजवळ नेला. गाडीवाल्यांसाठी अख्खं शिल्प हलतं, तर चाकाच्या खुर्चीसाठी एक उतार का होऊ नये?

इंग्लंडमध्ये गेट्सहेडजवळ, ए-१ रस्त्यालगत, अँटनी गोर्मली यांचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ १९९८पासून उभा आहे. उंची २० मीटर, पंखांचा पसारा ५४ मीटर, वजन २०० टन. पण त्याला उंच चौथरा नाही आणि वर चढण्याचा प्रश्नच नाही. पाहायचं ते सगळ्यांनी खालूनच. अंगावरच्या उभ्या पोलादी फासळ्या, त्यांवरचा मुद्दाम येऊ दिलेला तांबूस गंज यांना हात लावता येतो. न पाहणाऱ्यालाही शिल्प कळतं ते इथं.

कुणी म्हणेल, मग चढण्याची मौज बंदच करायची का? मुळीच नाही. जिने खुशाल असू द्यावेत. मात्र भेटीचं सारं सार्थक शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवू नये. दुसरा आक्षेप खर्चाचा. जुन्या शिल्पात लिफ्ट बसवणं महाग, हे मान्य. पण वाहनतळापासून पायथ्यापर्यंत पक्की, सपाट वाट, हात पोहोचेल अशी छोटी प्रतिकृती आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह यांना लिफ्टइतका पैसा लागत नाही. त्यांचा लाभ गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईलाही होतो. तिसरा युक्तिवाद असा, की गाडीतून दिसतंच ना? दिसतं; पण रस्त्यावरून दिसणं म्हणजे भेट नव्हे. म्हणून सहलीला निघण्यापूर्वी शिल्पाची उंची विचारू नका. पायऱ्या न चढता तिथं काय अनुभवता येईल, ते विचारा.