राघूची ढोली



गावच्या बागेतला राघू मागे ठेवूनच आपण दिल्लीस आलो, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत होती. तो येथे आपल्याआधीच नांदत होता! आर. के. पुरमच्या कडुनिंबांवर सायंकाळी त्याचे थवे उतरतात. गळ्यात काळी-गुलाबी कंठी असेल तो नर. मादीस ती नसते.

हा पक्षी घरटे विणीत नाही. तांबट वा सुतार पक्ष्याने कोरलेली ढोली तो चोचीने रुंद करून घेतो. ती न मिळाल्यास जुन्या वास्तूंच्या भिंतींतील भोकांचा आश्रय घेतो. त्याच ढोलीवर साळुंकी आणि पिंगळा यांचाही डोळा असतो. सरकारी क्वार्टरच्या वाटपासाठी वर्षानुवर्षे तिष्ठलेल्या आपणांस ही अडचण निराळी सांगावयास नको.

२०१८ च्या जूनमध्ये शेजारच्या सरोजिनी नगर, नेताजी नगर आदी वसाहतींतील वृक्षतोडीस दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तोडलेल्या एका वृक्षामागे दहा रोपे लावण्याची भाषा तेव्हा होत होती. रोपे अवश्य लावावीत. परंतु दहा रोपांत मिळूनही एक ढोली नसते, ती पडावयास दशके जातात.

माघ-फाल्गुन हे राघूच्या विणीचे दिवस. त्या काळात वाळकी फांदी छाटावयास माळी आला, तर प्रथम तिची ढोली पाहून घ्यावी, एवढी विनंती आम्ही मंडळातील प्रत्येक कुटुंबास करीत आहोत.