बंद पडलेला लॅपटॉप आणि आतील नोंदी
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



शाळेच्या कपाटातील जुना लॅपटॉप ऐन कामाच्या वेळी सुरू होत नाही, हा अनुभव आपणांपैकी अनेकांना असेल. अशा वेळी आपणांस यंत्राची चिंता वाटते. परंतु यंत्राहून मोलाच्या असतात त्या आतील मुलांच्या नोंदी. हे मी ठेच लागून शिकलो. एकदा मी घाईने विंडोज नव्याने भरावयास सांगितले. यंत्र सुरू झाले. वर्षभराच्या मूल्यमापनाच्या नोंदी मात्र गेल्या. दोष दुरुस्त करणाराचा नव्हता. आधी नोंदी काढून घ्या, असे मी सांगितलेच नव्हते.

म्हणून प्रथम दोष कोठे आहे, हे पाहावे. त्याच्या तीन अवस्था आहेत.

पहिली : दिवाही लागत नाही. चार्जर दुसऱ्या सॉकेटला लावून पाहावा. नंतर चार्जर व निघणारी असल्यास बॅटरी काढून सुरू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे आणि केवळ चार्जर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. फुगलेली बॅटरी मात्र वापरू नये, दाबूही नये.

दुसरी : दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडावा. तेथे चित्र उमटल्यास दोष पडद्याचा आहे. न उमटल्यास जाणकाराकडून रॅमची पट्टी काढून पुन्हा नीट बसवून घ्यावी.

तिसरी : कंपनीचे चिन्ह दिसते; पण विंडोज सुरू होत नाही. जोडलेला पेनड्राइव्ह काढावा. तारीख मागे गेली असेल, तर आतील ३ व्होल्टचा गोल सेल संपला असण्याचा संभव आहे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे. वारंवार सुरू केल्याने हानी वाढते. आवाज नसेल, तर दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स, डिस्कवर न भरता, चालवावे आणि नोंदी बाहेर उतरवून घ्याव्यात. विंडोज नव्याने भरण्याचा विचार त्यानंतरच करावा.

शेवटी एवढीच विनंती, की दर शनिवारी नोंदींची एक प्रत लॅपटॉपबाहेर ठेवावी. यंत्र दुसरे मिळेल. मुलांच्या वर्षाचा लेखा पुन्हा मिळणार नाही.