पाणी एकरी की माणशी?

आम्ही नावड्याहून बोलतोय. आमच्या पनवेल तालुक्यात भात पावसावर होतो, वाल जमिनीच्या ओलीवर. पण उन्हाळी भाजी करायची म्हटली की विहिरीवर पाळी लावावी लागते. मग पहिला प्रश्न येतो, कुणाला किती पाणी?

बहुतेक ठिकाणी ज्याची जमीन मोठी, त्याला पाणी जास्त. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात मात्र वेगळं ठरलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत सुरू केली. पाणी माणसं मोजून द्यायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही वाटा. ऊस लावायचा नाही, कारण तो एकटाच बरंच पाणी पितो. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनीच भरायचा.

आता आपलं बघूया. सातबाऱ्यावर आपल्यापैकी किती जणींचं नाव आहे? एकरी वाटपात आपण मोजल्याच जात नाही. माणशी वाटपात सासू, सून, लेक, सगळ्यांची मोजणी होते. २००५ च्या कायद्याने कालव्यांवर पाणीवापर संस्था आल्या, पण सभासद होतात ते जमीनधारकच.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडूया. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलंही नाव लागावं. आणि पाण्याची पाळी ठरते त्या बैठकीला आपणही बसावं. पाणी भरतो आपण, तर वाटतानाही आपल्याला विचारलं पाहिजे.