पूर ओसरला, हिशेब ओसरलेला नाही

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज या मांडवात नदीकाठची गावे आहेत आणि माळावरचीही आहेत. शिरोळ-पलूसकडची मंडळी आहेत, तशी जत-आटपाडीकडचीही आहेत. एकाला पाणी जास्त झाले म्हणून तो बुडाला आणि दुसरा पाणी नाही म्हणून बुडतो. दोघांचे सातबारे मात्र सारखेच बोजाचे. म्हणून पुराचा विषय हा फक्त काठावरच्या चार गावांचा विषय नाही, एवढे आधी ठरवू या.

२००५ साली महापूर आला तेव्हा सगळे म्हणाले, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. चौदा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याहून मोठा आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा आला. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ ला ५६ च्या वर. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. तिथे २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर होते, २०१९ ला ५७ च्या वर गेले. २०२४ च्या जुलैतही पंचगंगा ४७ फुटांवर चढलीच. शंभर वर्षांचा पाहुणा आता दर दोन-चार वर्षांनी दारात उभा राहतो. त्याला अस्मानी म्हणून गप्प बसायचे, की त्यातले अस्मानी किती आणि सुलतानी किती याचा हिशेब मांडायचा? आपण हिशेबाची माणसे. हिशेब मांडू.

पिकाचे मरण कसे असते

शहरातला माणूस विचारतो, ऊस तर पाण्याचेच पीक, त्याला पुराने काय होते? त्याला समजावून सांगितले पाहिजे. पाणी बुडख्याला लागून दोन दिवसांत उतरले, तर ऊस तगतो. पण पाणी शेंड्यावरून गेले आणि आठ दिवस राहिले, की पोंग्यात गाळ बसतो, सुरळी कुजते आणि वाढ थांबते. मग कांडीवरचे डोळे फुटायला लागतात, ऊस आतून पोकळ पडतो, वजन जाते, उतारा जातो. बाहेरून पाहणाऱ्याला शेत उभे दिसते. पंचनाम्याला आलेला माणूसही बांधावरून म्हणतो, "ऊस तर आहे की!" आहे, पण तो कारखान्याला घालण्यासारखा राहिलेला नाही, आणि रान मोकळे करायला पुन्हा पदरचा पैसा लागतो.

सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला यांचे तर विचारूच नका. पाणी उतरल्यावर तिथे फक्त वास राहतो. काळ्या रानाला वाफसा यायला महिने जातात. काही ठिकाणी वरची माती खरडून जाते, ती तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. नदीकाठच्या मोटारी, पाइपलाइन, स्टार्टरच्या पेट्या गाळात जातात. त्यांचे कर्ज गाळात जात नाही.

आणि जनावरे. २०१९ ला पुष्कळ माणसे घर सोडायला तयार नव्हती, तेव्हा अधिकारी म्हणत, लोक ऐकत नाहीत. भावांनो, दावणीला दोन म्हशी आणि पोटुशी गाय असताना ती सोडून बोटीत कोण बसेल? घर चालते ते त्या म्हशीच्या दुधावर. माणसांसाठी शाळा उघडल्या, पण उंचावर जनावरांची, वैरणीची सोय आधी झाली असती तर माणसेही आधी निघाली असती. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावची बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. माणसे भरपूर आणि बोट एक, अशी वेळ का आली, या प्रश्नाला नुसत्या श्रद्धांजलीने उत्तर मिळत नाही.

शेत बुडाले की पेठ बुडते

एरवी आपले शहराशी भांडण असते. भाव पाडून घेणारे शहर आणि भाव मागणारे खेडे. पण पुराने दोघांना एकाच पाण्यात उभे केले. सांगलीत गणपती पेठ, हरभट रोड पाण्याखाली गेले. दुकानांतला माल गेला, त्यात आपल्यालाच उधारीने मिळणारे खत-बियाणेही होते. कोल्हापुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत पाणी शिरले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग सुमारे आठवडाभर बंद राहिला. ट्रकांच्या रांगा लागल्या. शहरात पेट्रोल मिळेना, आणि खेड्यात दुधाची गाडी येईना. गावात दूध ओतून द्यावे लागले आणि मुंबईत दुधाची टंचाई झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून चार लाखांवर माणसे घरातून हलवावी लागली.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीत खोदलेली ही पेवे. तिथल्या मातीचा गुण असा, की हळद वर्षानुवर्षे टिकायची. भाव नसेल तेव्हा माल थांबवून ठेवायची सोय बापजाद्यांनी सरकारी गोदामाशिवाय केलेली होती. २००५ च्या पुराचे पाणी पेवांत शिरले आणि कित्येक पेवे कायमची निकामी झाली. पुराने माल नेलाच, शिवाय माल थांबवण्याची ताकदही नेली. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात लिहिलेले नाही.

शंभराला पाच

आता मदतीचा हिशेब. २०१९ ला राज्य सरकारने केंद्राकडे ६,८१३ कोटी रुपये मागितले. आकडा मोठा. पण तुमच्या-आमच्या एकराला काय आले ते पाहू. आपत्ती निधीचा तेव्हाचा दर बागायतीला हेक्टरी १३,५०० रुपये, म्हणजे एकरी ५,४००. एकरी ४० टन ऊस धरा, फार चांगला नाही, मध्यम. त्या हंगामाची एफआरपी मूळ उताऱ्याला टनाला २,७५० रुपये. तोडणी-वाहतूक धरून एकरी १,१०,००० रुपये झाले. मदत ५,४००. शंभर रुपयांचे पीक गेले तर हातात पाच रुपयेसुद्धा पुरे नाहीत.

पुढे २०२२ मध्ये केंद्राने दर वाढवले आणि बागायतीला हेक्टरी १७,००० केले, म्हणजे एकरी ६,८००. दरम्यान एफआरपीही वाढत गेली. २०२५-२६ ला ती टनाला ३,५५० आहे. चाळीस टनांचे १,४२,००० झाले. भागून पाहा. पुन्हा शंभराला पाचच्या आत. सरकारने दर वाढवला म्हणून पेढे वाटले, आपण होतो तिथेच आहोत.

२०१९ ला ओरड झाल्यावर सरकारने बुडालेल्या पिकाचे एक हेक्टरपर्यंतचे कर्ज माफ केले आणि ज्याने कर्ज घेतले नव्हते त्याला तिप्पट भरपाई दिली. दिले ते आपण नाकारत नाही. पण तिप्पट म्हणजेही एकरी १६,२००, आणि तेही एका हेक्टरापुरते. नदीने एक हेक्टर मोजून बुडवले होते काय? मोटारीचे, पाइपलाइनचे, म्हशीचे कर्ज तसेच राहिले. विम्याचे म्हणाल, तर पंतप्रधान पीक विम्याच्या आपल्या खरिपाच्या यादीत ऊसच नाही. ज्या पिकावर हा सारा पट्टा उभा आहे, त्याला विम्याचे छप्पर नाही.

आणखी एक गोष्ट. मदत जाते सातबाऱ्याच्या नावावर. खंडाने, वाट्याने कसणाऱ्याचे नाव तिथे नसते. बियाणे त्याचे, घाम त्याचा, नुकसान त्याचे, आणि पैसे भलत्याच्या खात्यावर. शेतमजूर बाईची तर दोन महिन्यांची मजुरी गेली, तिच्यासाठी रकानाच नाही. ऑगस्ट २०१९ चा एक आदेश असा होता, की घर दोन दिवस पाण्यात असेल तरच मोफत धान्य. पाण्याने किती तास बसायचे याचाही नियम! आणि वाटलेल्या धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो. आपण भीक मागत नाही. पूर वाढवण्यात ज्या निर्णयांचा हात आहे, त्यांच्या मालकांकडे भरपाई मागतो.

सुलतानी कुठे आहे

पाऊस भयंकर झाला, हे खरेच आहे. राधानगरी, गगनबावडा, महाबळेश्वर, कोयना या घाटमाथ्यावर एकाच वेळी कोसळला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला मिळतात आणि पंचगंगा होते. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला. सगळ्या नद्या एकदम भरल्या की शिरोळ तालुका म्हणजे पाण्याचा तळहात होतो. एवढे अस्मानी.

पण धरणे कोणाची? कोयनेची साठवण १०५ टीएमसी, वारणेची ३४. धरण भरले की वीज आणि पाणी नक्की, म्हणून ते लवकर भरण्याकडे कल. मग ऑगस्टात मोठा पाऊस आला की वरचे पाणी आणि धरणाचे पाणी दोन्ही मिळून खाली येते. कोणत्या तारखेला किती भरायचे याचे वेळापत्रक असते, पण ते गावाला कोणी सांगत नाही.

रस्ते कोणाचे? शिरोलीजवळ महामार्ग मातीच्या भरावावर उभा आहे. नदीच्या पात्राबाहेर पसरणाऱ्या पाण्याला तो भराव बांध होतो. गावोगावच्या पुलांनाही असेच भराव आहेत. कमानी ठेवल्या असत्या तर पाणी निघून गेले असते. शहरांत निळी रेषा, लाल रेषा कागदावर आखलेल्या आहेत. निळीच्या आत इमारतींना परवाने मिळाले, ओढे-नाले बुजले. परवान्यावर सही करणाऱ्याच्या घरात पाणी शिरत नाही.

आता अलमट्टी. इथे शांतपणे ऐका. २०१९ नंतर सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे पूर आला असे समितीला दिसले नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणे आणि अडथळे यांवर तिने बोट ठेवले. काठावरच्या पुष्कळ गावांना हे पटत नाही, त्यांना पाणी दिवसेंदिवस तुंबलेले दिसते. धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ वर नेण्याची कर्नाटकची तयारी आहे. आपली मागणी अशी, की फुगवट्याचा हिशेब उघड आणि दोन्ही राज्यांना मान्य होईल असा मांडल्याशिवाय एक फूटही उंची वाढू नये. पण याचा अर्थ कन्नड शेतकऱ्याशी भांडण नव्हे. २०१९ ला चिकोडी, अथणी, बागलकोटकडची शेतेही बुडालीच होती. त्याचे आणि आपले दुःख एकाच नदीचे आहे. अलमट्टीच्या नावाने गर्जना करणे पुढाऱ्यांना सोयीचे असते, कारण मग शिरोलीच्या भरावाबद्दल आणि बुजलेल्या नाल्यांबद्दल कोणी विचारत नाही.

काय मागायचे, काय करायचे

मागण्या थोडक्यात सांगतो.

एक, जूनपासून कोयना, वारणा, राधानगरी, हिप्परगी, अलमट्टी या सर्वांची पातळी आणि विसर्ग रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. सोडण्याच्या आधी कळले पाहिजे, सोडल्यावर नव्हे.

दोन, महामार्गाचे आणि पुलांचे भराव काढून तिथे कमानी घाला.

तीन, भरपाई उत्पादनखर्चावर धरा, हेक्टराची मर्यादा काढा, आणि जो कसतो त्याला द्या.

चार, उसाला विम्यात घ्या.

पाच, प्रत्येक पूरगावाला उंचावर जनावरांसाठी जागा, वैरण आणि पुरेशा बोटी पावसाआधी ठरवून द्या.

सहा, पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची योजना जागतिक बँकेच्या मदतीने पुढे आली आहे. माळावरच्या भावांना पाणी मिळत असेल तर आपला विरोध नाही. पण बोगद्याची वाट दाखवून आजचा भराव तसाच ठेवू नका.

आणि आपण गावात काय करायचे? ई-पीक पाहणीत पिकाची नोंद वेळेत करा. नोंद नाही तर पीक नाही, असा सरकारचा कायदा आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला आले की त्यांना बांधावर थांबू देऊ नका. सरीत उतरवा, पोंगा चिरून दाखवा. पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. तारखेसह फोटो ठेवा. वाट्याने, खंडाने कसणाऱ्यांची आणि मजुरांची यादी गावसभेत वाचून ठरावात घाला, म्हणजे उद्या कोणी नाकारणार नाही. माळावरच्या प्रत्येक शाखेने काठावरचे एक गाव जोडून घ्यावे. वैरण आणि गोठ्याची जागा आताच बोलून ठेवावी. तुमच्या दुष्काळात तेही याच हिशेबाने येतील.

पाणी चढते तेव्हा सगळे धावून येतात. पाणी उतरले की गाळ काढायला आपण एकटे असतो. गाळ काढता काढता पुढच्या पेरणीचे दिवस येतात आणि भांडायचे राहून जाते. म्हणून हे भांडण कोरड्या दिवसांतच करायचे आहे. आज इथून जाताना प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या यादीची तारीख लिहून द्यावी. पुढच्या बैठकीत भाषण नको, याद्या वाचू.