सहा दिशा आणि तुरीची पट्टी
(दुधनी येथें केलेलें भाषण)



दुधनीच्या बाजारांत तुरीचीं पोतीं लागलीं आहेत. ज्याची तूर विकली त्याच्या हातीं पट्टी पडेल. त्या पट्टीपासून घरच्या उंबरठ्यापर्यंतची वाट मोठी घातकी आहे. तिच्याविषयींच आज चार शब्द बोलावयाचें आम्हीं योजिलें आहे.

धर्म म्हटला कीं उपास, नवस आणि दक्षिणा, एवढेंच आम्हां शेतकऱ्या-कारागिरांना शिकविण्यांत आलें. पैसा कसा राखावा, गड्याशीं कसें वागावें, हें कोणा पुरोहितानें सांगितल्याचें आम्हांस आठवत नाहीं. गौतम बुद्धानें तें सांगितलें. राजगृहाजवळ सिगाल नांवाचा एका गृहस्थाचा मुलगा पहाटे ओलेत्यानें सहा दिशांस हात जोडीत असे. कां, तर मरतांना बापानें तसें सांगितलें होतें. बुद्धानें त्याची थट्टा केली नाहीं. तो म्हणाला, पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरु, पश्चिम म्हणजे बायकोमुलें, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण, आणि खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारीं माणसें. त्यांच्याशीं नीट वागणें हीच दिशांची पूजा.

दीघनिकायांतील ह्याच उपदेशांत पैसा गळण्याचीं सहा भोकें सांगितलीं आहेत : दारू, अवेळीं भटकणें, तमाशे, जुगार, वाईट संगत आणि आळस. कोणत्याहि बाजारगांवीं तीं शोधावीं लागत नाहींत! मिळकतीचे चार वाटे करावे. एक खाण्यापिण्यास, दोन धंद्यांत, चौथा अडीअडचणीस. आमच्या घरीं चौथा वाटा लग्नांत जातो आणि धंद्याचे दोन्ही त्याच्या मागून जातात. बायकोच्या हातीं घरचा कारभार द्यावा, असेंहि त्यांत आहे. आमच्यांतल्या किती घरधन्यांनीं पट्टीचा आंकडा घरीं खरा सांगितला आहे? असो.

आमचें खरें सांगणें खालच्या दिशेविषयीं आहे. अडत्याच्या काट्यावर पावशेराची खोट आली तर आम्ही भांडावयास उठतों, आणि तें योग्यच आहे. पण ज्या बायांनीं ती तूर कापली त्यांची मजुरी आम्ही 'पुढच्या बाजारीं देऊं' म्हणून ढकलतों. बुद्ध म्हणतो, गड्याला झेपेल तेवढेंच काम द्यावें, अन्न व वेतन द्यावें, तो आजारी पडला तर शुश्रूषा करावी, गोडधोड केलें तर त्यास वाटा द्यावा, वेळीं सुट्टी द्यावी. गडी तापानें पडला कीं दिवस कापणारे आम्हीच नव्हे काय? वरच्यांनीं आम्हांस तुडविलें ही आमची तक्रार खरी. पण आमच्याहि पायाखालीं कोणी आहे.

कष्टकऱ्याची पत काय असते तें नाशिकच्या लेण्यांत कोरलेलें आहे. सुमारें १९०० वर्षांपूर्वीं नहपान राजाचा जावई उषवदात यानें भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं व इतर खर्चासाठीं गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमचे ठेविले; २००० दरमहा शेंकडा एक व्याजानें, १००० पाऊण व्याजानें. राजाच्या जावयानें विणकरांच्या शब्दावर विश्वास टाकला! त्या श्रेणी हिशेबाला चोख होत्या म्हणूनच ना?

कोणी विचारील, मजुरी आधीं चुकविली तर बियाण्याचें देणें कशांतून फेडावें? दोन्ही धंद्याचींच देणीं आहेत. दोन्ही त्या दोन वाट्यांतूनच जावयाचीं. पण बियाणेंवाला थांबूं शकतो, त्याच्या घरीं चूल पेटलेली असते. कापणीवालीच्या घरची त्या रात्रीं पेटेल कीं नाहीं, तें आमच्या कनवटीला असतें. म्हणून पट्टी मिळाली कीं गांवांत शिरतांना पहिला थांबा तिच्या दारीं करावा, आणि मग उरलेला आंकडा घरीं जाऊन कारभारणीला मोजून दाखवावा.